तिकिटावर सोळा तास, पायांचे अठ्ठावीस

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. न थांबता जाणारे विमान ते साधारण १५ ते १६ तासांत कापते. परतीला वेळ थोडा कमी लागतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे विमानाला मागून रेटतात.

लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून निघालेल्या सत्तरीच्या आजी-आजोबांचा हिशेब मात्र वेगळा असतो. मुंबईपर्यंत मोटारीचे आठ तास, विमानतळावरचे चार तास आणि मग विमान. तिकिटावर सोळा तास असले, तरी प्रत्यक्षात अठ्ठावीस होतात. त्यातला बहुतेक वेळ पाय खाली सोडून बसण्यात जातो.

पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्यात पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. चालताना ते आकुंचन पावतात आणि शिरा दाबल्या जातात. तासन्‌तास बसले की हा पंप थंडावतो, खोल शिरांत रक्त साचते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एक इतकाच असतो. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. हा धोका विमानापुरताही नाही. बस, मोटार, रेल्वे यांनाही तो लागू आहे. मात्र पूर्वी गुठळी झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, कर्करोग किंवा लठ्ठपणा असलेली व्यक्ती असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. दाब देणारे मोजे किंवा औषध लागेल का, ते तेच ठरवतील. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

इतरांसाठी उपाय साधे आहेत. मोटार दोन तासांनी थांबवून चार पावले चालावे. विमानात शक्यतो कडेची जागा घ्यावी, अधूनमधून उठावे, बसल्या जागी टाचा-चवडे उचलत राहावे. स्वच्छतागृहात जायला नको म्हणून पाणीच न पिणे ही अनेकांची सवय. विमानातली हवा कोरडी असते, तेव्हा ती सोडावी. झोपेची गोळी घेऊन एकाच अवस्थेत पडून राहू नये.

रोजची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, म्हणून डोसच्या वेळा निघण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात.

पोहोचल्यावरही काही आठवडे लक्ष असू द्यावे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर लगेच तपासून घ्यावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. प्रवासाचा शीण म्हणून ते अंगावर काढू नये.