विजोड इंजिनांचे मरुत

विमानांच्या लढाईचा जो खेळ आज घरोघरची मुले संगणकाच्या पडद्यावर खेळतात, त्याचा एक विशेष वडील मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. त्यांतील चांगल्या खेळांतली विमाने मनःकल्पित नसतात. विमानाचे वजन किती, पंखांचा विस्तार किती, इंजिनाचा रेटा किती, हे आकडे मिळवून पडद्यावरचे विमान खऱ्याप्रमाणे वळावे व चढावे, अशी खटपट खेळ रचणारे करतात. अमुक देशाचे अमुक विमान राहून गेले, ते घ्यावे, अशी सूचना खेळणारेही करतात. आपल्या देशाचे अशा सूचनेस योग्य, पण फारसे कोणास ठाऊक नसलेले एखादे जेट लढाऊ विमान आहे काय, असा प्रश्न आमच्या शिर्डीतील काही विद्यार्थ्यांनी मला केला. त्याचे उत्तर आज श्रोत्यांपुढे मांडतो.

आमच्या बाजूच्या मुलांस मिग-२१ सुपरिचित आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते तयार होत असे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते वायुदलातून निवृत्त झाले. परंतु त्याचा आराखडा रशियाचा. आपल्या देशात आखलेले पहिले जेट लढाऊ विमान म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्याचे एचएफ-२४, अर्थात ‘मरुत’. याच कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले होते. पण शिकाऊ विमान निराळे आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान निराळे. त्याकरिता १९५६ साली जर्मन विमानशिल्पी कुर्ट टांक यांस पाचारण करण्यात आले. प्रथम त्याच आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान दुसऱ्या विमानामागे बांधून वर नेले व सोडून पाहिले. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मरुताचा पहिला नमुना उडविला.

सांगाडा सुरेख साधला; अडले ते इंजिनापाशी. टांक यांनी ज्या जोरकस इंजिनाची अपेक्षा धरली होती, त्याच्या सिद्धतेचा खर्च सोसण्यास ना ब्रिटिश सरकार तयार झाले, ना आपले. तेव्हा हाती होती ती ऑर्फियस ७०३ जातीची दोन इंजिने बसवावी लागली. एकेकाचा रेटा सुमारे २,२०० किलो. परिणामी ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेल्या विमानाची मजल सरळ उड्डाणात ध्वनिवेगाच्या आसपासच राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नेहमीचे मरुत नव्हे, तर त्याचा इजिप्तमध्ये उडालेला प्रायोगिक नमुना खेळासाठी सुचवावा, असे माझे मत आहे. त्या काळी इजिप्तही आपले जेट विमान घडवीत होता. मेसरश्मिट यांनी आखलेले एचए-३०० हे ते विमान. मार्च १९६४ मध्ये ते प्रथम उडविले आपल्या वायुदलाच्या कपिल भार्गव यांनी. त्यासाठी फर्डिनांड ब्रांडनर हे ऑस्ट्रियन तज्ज्ञ ई-३०० नावाचे इंजिन सिद्ध करीत होते. त्याचा योजलेला रेटा सुमारे ३,३०० किलो. बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात पुन्हा इंधन फवारून पेटविले म्हणजे ४,८०० किलोंपर्यंत. एका इंजिनाच्या विमानात नवे इंजिन पारखणे म्हणजे वैमानिकाचा जीव टांगणीस लावणे. मरुतास दोन इंजिने. म्हणून एक मरुत इजिप्तला नेऊन त्याच्या एका बाजूस ई-३०० बसविले, दुसऱ्या बाजूस जुने ऑर्फियस तसेच ठेवले, आणि १९६७ च्या मार्चमध्ये ते उडाले. नवे बंद पडले तर जुने घरी आणील, असा हिशेब होता.

एक खिल्लारी बैल आणि एक गोऱ्हा एका जुवास जुंपला, तर गाडी कोणत्या अंगास ओढ घेते हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोरास सांगावे लागत नाही. विजोड रेट्याने विमानाचे नाकही कमजोर इंजिनाच्या अंगास वळू पाहते. मरुताची इंजिने पंखांवर नसून धडातच शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे तरफेचा भुज आखूड, आणि ओढ सुकाणूने सावरता येण्याजोगी राहते. गणिताच्या मास्तरास याहून गोड उदाहरण कोठे मिळावे? खेळात हे विमान हाती धरणारा मुलगा भुज आणि बल यांचा गुणाकार बोटांनी शिकेल.

मात्र सूचना करताना एक मोह आवरला पाहिजे. देशाभिमानापोटी ‘योजलेला’ वेग हाच खरा वेग म्हणून लिहिण्याची प्रवृत्ती फार दिसते. ते इंजिन मरुतात कायमचे कधी बसलेच नाही. १९६९ मध्ये इजिप्तचा उद्योग बंद पडला. म्हणून दोन निरनिराळ्या इंजिनांचे, पारखणीसाठी उडालेले विमान एवढेच त्याचे वर्णन असावे. त्यास तोफा द्यावयाच्या तर त्या लढाऊ मरुताच्या, ३० मिलिमीटरच्या चार, आणि ती खेळाची सोय आहे असे स्पष्ट नमूद करून. पुढे ऑर्फियसचाच रेटा वाढविलेला एक नमुना बंगळूरास सिद्ध झाला. १० जानेवारी १९७० रोजी तो कोसळून सुरंजन दास मृत्यू पावले. ज्या आकड्यांसाठी असा माणूस गेला, ते आकडे फुगवून लिहिणे मला तरी अप्रशस्त वाटते.

तोकड्या इंजिनांच्या त्याच मरुताने १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर जमिनीलगत उडून चांगली कामगिरी केली, हेही खेळणाऱ्यांनी विसरू नये. तयार झालेली ती विमाने एकंदर १४७ भरली. त्यांपैकी एक मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले आहे. सूचना लिहिण्यापूर्वी मुलांनी ते मागील बाजूने अवश्य पाहावे. दोन झोतनळ्या एकमेकींस किती लगटून आहेत, हे तेथे उभे राहिल्यावरच कळते.