'गोमू संगतीनं' मधली गोमू आहे तरी कोण? जाणून घ्या गाण्याचा अर्थ

माथेरान : माथेरानच्या पायथ्याला, नेरळपासून खालापूरपर्यंत, कुणाच्याही दारात हळदीचा मांडव पडला की 'गोमू संगतीनं' वाजतंच. आजोबा ठेका धरतात, नातू मोबाईलवर व्हिडिओ काढतात. पण ही गोमू कोण आणि गाण्यात ती नेमकं काय म्हणते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हे गाणं १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातलं आहे. गीत सुधीर मोघे यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं आणि आवाज आशा भोसले व हेमंत कुमार यांचा. मोघे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे, तर हेमंत कुमार बंगाली. तरीही गाणं अस्सल कोकणातलं वाटतं, कारण त्याची बोली इथली आहे. आगरी-कोळी माणूस डोळ्याला 'डोला' म्हणतो आणि जाळ्याला 'जाला'. तोच 'ल' या गाण्यात आहे.

गोमू हे नावही जुनंच. कोकणात लाडक्या पोरीला गोमू म्हणतात. शिमग्यात बाईचं सोंग घेऊन नाचणाऱ्यालाही गोमूच म्हणतात. ग. दि. माडगूळकरांचं 'गोमू माहेरला जाते' हे गाणं तर त्याआधीच, १९६४ च्या 'वैशाख वणवा' मधून घरोघरी पोचलं होतं.

आता अर्थाकडे येऊ. पोरगा गोमूला सोबत येतेस का, म्हणून विचारतो. तिचे डोळे त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे वाटतात आणि त्यात आपलं काळीज मासोळीसारखं अडकलं, असं तो सांगतो. गोमू लाजून गप्प बसत नाही. मी रानातली मैना, तू शिकारी, असं ती ऐकवते आणि हा खुळा पारधीच जाळ्यात सापडला म्हणून त्याची थट्टा करते.

त्याचं जाळं दर्याचं, तिचं रानाचं. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. त्याच्या खालच्या वाड्यांमधल्या ठाकूर-कातकरी बांधवांना पाखराचा फास आणि उल्हास नदीतलं मासेमारीचं जाळं, दोन्ही ठाऊक आहेत. त्यामुळे हे सवाल-जवाब इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

गाण्याची सगळी गंमत या सवाल-जवाबातच आहे. पोरगा हुकूम सोडत नाही, विचारतो. उत्तर काय द्यायचं ते पोरगी ठरवते. म्हणून फक्त पोराची ओळ ओरडत एखाद्या मुलीची वाट अडवणं म्हणजे या गाण्यातलं प्रेम नव्हे. ती निव्वळ छेडछाड आहे, आणि कायद्याने तो गुन्हा आहे.

पुढच्या हळदीला गाणं लागलं की गोमूचा जवाबही नीट ऐका. खरा ठसका तिथेच आहे.