ओवीचे पान आणि त्याची चौकट

मजकूर येण्याआधीच छापील पानाची आखणी झालेली असते. चारी बाजूंचे समास, रकान्यांची संख्या आणि ओळींमधले अंतर ठरवणाऱ्या अदृश्य रेघांना मांडणीकार ग्रिड म्हणतात. स्विस मांडणीकार योसेफ म्युलर-ब्रोकमन यांचे यावरचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. मराठी पान मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आखीव आहे. कमीत कमी साधनांत पान कसे मांडावे, हे पाहायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाचा ग्रंथ पुरेसा आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला सिद्ध झाली. ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा सांगते. जुन्या पोथ्यांची पाने आडवी आणि सुटी. दोन्ही कडांना उभ्या रेघांचे समास, मधे सलग मजकूर. शब्दाशब्दांत जागा नसे. ओवी संपली की दंड आणि आकडा. ओवीतला चरण कुठे तुटतो, हे वाचणारा चालीवरून ओळखे.

१८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. त्यांच्याच ‘दर्पण’ या वृत्तपत्राने १८३२ मध्ये पानाचे उभे भाग करून इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी ठेवला होता. १८४२ मध्ये नगरला अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’मध्येही पुढे या दोन्ही भाषा नांदल्या.

आजच्या छापील प्रतींत ओवी बहुधा दोन ओळींत बसते आणि शेवटी क्रमांक येतो. ओवीला अक्षरसंख्येचे बंधन नाही, चौथा चरण तर आखूडच. म्हणून उजवी कड मोकळी सोडणे हाच शहाणपणा. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हट्टाने शब्दांमध्ये भगदाडे पडतात. अरुंद रकान्यात तर लांब मराठी शब्द पानाची चाळणी करतात.

दुसरा प्रश्न ओळींमधल्या अंतराचा. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, देवनागरी शिरोरेषेला लोंबते. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. इंग्रजी पानाचे माप जसेच्या तसे उचलले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. १२ पॉइंटच्या मजकुराला १८ पॉइंटच्या आसपास अंतर दिले, तर ओळी सुटसुटीत राहतात. चित्राची वरची कडही शिरोरेषेशी जुळवलेली बरी.

खरा प्रयोग सार्थ आवृत्तीत करता येतो. एकच टंक, दोन आकार: मूळ ओवी मोठी, अर्थ लहान. क्रमांक ओळीतून काढून बाहेरच्या समासात टांगला, की ओवी स्वच्छ दिसते आणि रिकामा समास कामाला लागतो. एवढ्यावर पान उभे राहते. चौकटी, रंगीत पट्ट्या, वेलबुट्टी यांची गरज उरत नाही. क्रमांकाला मात्र कात्री लावू नये. कीर्तनकार आणि अभ्यासक ओवी शोधतात, ती अध्याय आणि क्रमांकावरूनच.