ऊन सर्वांचे, गच्ची कोणाची?

उल्हासनगर कॅम्प नं. ५ मध्ये जीन्सचा धंदा करणाऱ्याला विजेचे महत्त्व सांगावे लागत नाही. शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण, सारे विजेवर चालते. त्यामुळे सौरऊर्जेचा विषय निघाला की आमच्यासारखे कापड व्यापारीही कान देऊन ऐकतात. आम्ही ज्यांना कापड देतो त्यांचा खर्च वाढला, तर आमची उधारी अडकते. मात्र पॅनल केवढ्याला, हे सगळेच विचारतात. गच्ची कोणाची, हे कोणी विचारत नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटपासून चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. पण हे अनुदान घरगुती मीटरला आणि स्वतःचे छप्पर असणाऱ्याला. भाड्याच्या गाळ्यात आठ-दहा मशीन चालवणाऱ्याचे मीटर धंद्याचे आणि गच्ची मालकाची. त्याच्या पदरात काय पडणार?

शिवाय हे शहर १९४९ साली जुन्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांसाठी वसले. पुढे इमारती वाढल्या, कागदपत्रे मागे राहिली. बेकायदा बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली खास उल्हासनगरकरिता कायदा करावा लागला. पॅनल वीस-पंचवीस वर्षांचा सौदा आहे. त्याला इमारतही पक्की लागते आणि कागदही.

मोठ्या कारखान्यांचा मार्ग वेगळा. धुळे जिल्ह्यात साक्रीला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आहेत. असली दूरची वीज थेट विकत घेण्याची मर्यादा केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. परंतु शिलाईच्या गाळ्याचा मंजूर भार काही किलोवॅटच असतो. स्वस्त वीज मोठ्याला, महाग वीज छोट्याला आणि बाजारात भाव दोघांना एकच, असा हा हिशेब आहे.

छोट्यांसाठी योजना आखता येत नाही, असे नाही. एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत आठपर्यंत माग असलेल्या यंत्रमागधारकाला सौर यंत्रणेसाठी सर्वसाधारण गटात निम्मे अनुदान होते. ती योजना तीन वर्षांची होती. यंत्रमागासाठी जे सुचले, ते शिलाई मशीनसाठी का सुचू नये?

व्यापारी आणि कारखानदार बंधूंनी दोन गोष्टी कराव्यात. गाळ्याचा करार नवा करताना गच्चीच्या वापराचे कलम मुदतीसह लिहून घ्यावे. आणि एका इमारतीतील गाळेवाल्यांनी मिळून, एकाच सामायिक यंत्रणेसाठी अनुदानाची मागणी सरकारदरबारी लेखी करावी. एकेकट्याचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. दहा गाळ्यांच्या सह्या असल्या, तर निदान उत्तर तरी द्यावे लागते.