आकारही बोलतात!

कागदावर दोन आकृत्या काढा : एक ढगासारखी गोलसर, दुसरी काटेरी. यांतील ‘मालुमा’ कोणती आणि ‘ताकेते’ कोणती, असे इतरांना विचारा. बहुतेक जण काटेरी आकृतीलाच ‘ताकेते’ म्हणतील. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ साली असाच प्रश्न मांडला होता.

आकार पाहताच मनात भाव उमटतो. पात्रे रेखाटणारे चित्रकार याचाच उपयोग करतात. ‘अप’ (२००९) या चित्रपटातील हट्टी कार्लआजोबांचे डोके, चष्मा, खुर्ची सारे चौकोनी. पत्नी एलीची खुर्ची मात्र गोलाईदार. खलनायकाला पुष्कळदा टोकदार हनुवटी मिळते. काटे, सुळे, नखे यांपासून आपण सावध राहतोच ना!

पण ही भाषा चित्रांपुरतीच. खऱ्या माणसाचा स्वभाव हनुवटीवरून कळत नाही.