मत एका उमेदवाराला, सरकार कोणाचे?

लोकसभेची निवडणूक आली की मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातही एकच चर्चा रंगते : या वेळी पंतप्रधान कोण? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु मतदानयंत्रावर पंतप्रधानपदाचे बटण नसते. आपण केवळ आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो. पुढचे सारे त्यानंतरच्या बेरजेवर ठरते. ही बेरीज कशी होते, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

लोकसभेच्या जागा 543. त्यांपैकी महाराष्ट्राच्या 48 आणि गोव्याच्या 2. वसईचा मतदार पालघर मतदारसंघात मोडतो. ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार त्या समाजाचा असावा लागतो, मतदान मात्र सर्वांनीच करावयाचे असते. (राखीव जागेशी आपला काय संबंध, असे म्हणून घरी बसणारे आम्हांला भेटले आहेत, म्हणून हा खुलासा.)

मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते पडतात तो विजयी होतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. अनेक पक्षांत मते विभागली गेली तर तीस-पस्तीस टक्के मते मिळविणाराही दिल्लीला जातो आणि पराभूतांच्या पारड्यातील मतांचा जागावाटपात काहीच हिशेब राहत नाही. त्यामुळे मते आणि जागा यांचे प्रमाण जुळत नाही. 1996 साली काँग्रेसला देशभरात सुमारे 29 टक्के मते व 140 जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला सुमारे 20 टक्के मते, पण 161 जागा मिळाल्या. एकाची मते देशभर विखुरलेली, दुसऱ्याची काही राज्यांत एकवटलेली. 2014 साली बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि जागा एकही नाही! जर्मनीत मतदार दोन मते देतो, एक उमेदवाराला व एक पक्षाला, आणि संसदेतील पक्षांचे बळ मुख्यतः दुसऱ्या मताच्या प्रमाणात ठरते. आपली पद्धत त्याहून सोपी आहे, पण लहान पक्षांना ती जाचक ठरते, हे मान्य करावयास हवे.

'नोटा' या बटणाविषयीही गैरसमज आहे. 2013 पासून ही सोय आहे. 2024 साली इंदूरमध्ये दोन लाखांहून अधिक मतदारांनी ते बटण दाबले, तरी निवडून आलेल्या उमेदवाराच्या विजयाला बाधा आली नाही. नाराजी नोंदविली जाते, निकाल बदलत नाही. निकाल बदलण्यास किती मते पुरतात, हे पाहायचे तर दूर जायला नको. त्याच वर्षी मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या 48 मतांनी लागला. आपल्या एखाद्या आळीत याहून अधिक मतदार असतात.

निकालानंतर 272 हा आकडा महत्त्वाचा होतो. ज्याला इतक्या खासदारांचा पाठिंबा आहे असे दिसते, त्याला राष्ट्रपती सरकार बनविण्यास पाचारण करतात व तो पाठिंबा सभागृहात सिद्ध करावा लागतो. 1996 साली सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले, परंतु बहुमत जुळेना म्हणून तेरा दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले एच. डी. देवेगौडा तर त्या वेळी लोकसभेचे सदस्यही नव्हते! एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी यांचे पुढचे सरकार 269 विरुद्ध 270, अशा एका मताने कोसळले आणि देशाला पुन्हा निवडणुकीस सामोरे जावे लागले. 2024 साली भारतीय जनता पक्षाला 240 जागा मिळाल्या; मित्रपक्षांसह ही संख्या 293 झाली, म्हणून सरकार बनले. तेव्हा आपण ज्या पक्षाला मत देतो, तो कोणाच्या आघाडीत आहे, याचीही चौकशी आधी करावी.

परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी एक सूचना. भारतीय पारपत्र असलेल्यांना नमुना 6-अ भरून गावच्या मतदारयादीत नाव नोंदविता येते. मात्र मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. ज्यांनी पोर्तुगालचे वा अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारले आहे, त्यांना हा हक्क राहत नाही.