चोरकप्पा

'चोरकप्पा' हा शब्द आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. पर्सच्या अस्तरात शिवून घेतलेला बारीकसा खिसा, कपाटातल्या लॉकरच्या मागचा खण, आजीच्या चंचीतला सगळ्यात आतला कप्पा... गंमत बघा, ठेवणारी स्वतःचीच वस्तू स्वतःच्याच घरात ठेवत असते, तरी कप्प्याला नाव मात्र चोराचं!

जपानमध्ये मात्र अशा चोरकप्प्याची अख्खी पेटीच करतात आणि तिचं नाव आहे 'हिमित्सु-बाको'. हिमित्सु म्हणजे गुपित आणि बाको म्हणजे पेटी. चोराचा तिथं संबंधच नाही. टोकियोच्या नैर्ऋत्येला डोंगरात हाकोने नावाचा भाग आहे. तिथले सुतार एकोणिसाव्या शतकापासून या पेट्या बनवत आले आहेत.

पेटी हातात घेतली की आधी वाटतं, हा तर नुसता नक्षीदार ठोकळा! ना कडी, ना कोयंडा, ना कुलूप, ना बिजागरी. झाकण कुठलं आणि तळ कुठला, तेही कळत नाही. पण बोटांनी चाचपत गेलं की एका टोकाची पट्टी जराशी, अगदी दोन-तीन मिलिमीटर सरकते. तेवढ्यानं शेजारच्या बाजूची अडकण सुटते. ती बाजू खाली सरकवली की आणखी एक पट्टी मोकळी होते. असं करत करत शेवटी झाकण सरकतं. पेटीच्या भिंती आतून दुहेरी असतात आणि त्यांच्यात लाकडाच्याच खाचा नि जिभा एकमेकींत अडकवलेल्या असतात. सोपी पेटी ४ हालचालींत उघडते. मग १०, २१, ५४, ७२ अशी चढती भाजणी. शंभरावर हालचालींच्या पेट्याही झाल्या आहेत! आणि बंद करायची तर तीच सगळी उजळणी उलट्या क्रमानं.

वरची नक्षी ही आणखी एक नवलाई. ती रंगवलेली नसते. या कामाला 'योसेगी' म्हणतात. पांढरं, पिवळं, तपकिरी, काळपट, हिरवट अशी निसर्गतःच वेगवेगळ्या रंगांची लाकडं घ्यायची, त्यांच्या बारीक कांड्या नेमक्या कोनात कापायच्या आणि सरसानं एकमेकींना चिकटवून ठोकळा करायचा. मग त्या ठोकळ्यावर रंधा मारायचा. जो पातळ पापुद्रा निघतो त्यात सगळी नक्षी उतरलेली असते. जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे आपला उडदाचा पापडही त्यापुढे जाडाभरडा! हा पापुद्रा पेटीवर चिकटवतात. हाकोनेजवळच्या हाताजुकू गावच्या इशिकावा निहेई या कारागिरानं हे काम तिथे रुजवलं असं मानतात. १९८४ साली जपान सरकारनं या कलेला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला.

पण मैत्रिणींनो, मला या पेटीपेक्षाही जास्त विचार करायला लावला तो ती ज्या गावात घडली त्या गावाच्या इतिहासानं. राजधानी एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योटो यांना जोडणारा मोठा रस्ता हाकोनेवरून जायचा. त्या रस्त्यावर १६१९ साली सरकारनं तपासणी नाका उभारला. हा नाका कोणाची कसून तपासणी करायचा माहीत आहे? एदोहून बाहेर जाणाऱ्या बायकांची! ठिकठिकाणच्या सरदारांनी बंड करू नये म्हणून त्यांच्या बायकामुलांना राजधानीतच राहावं लागे. त्यातली कोणी वेष पालटून निसटू नये, म्हणून बाईमाणसाला वेगळा परवाना लागायचा. तिचं वर्णन परवान्याशी ताडून पाहिलं जायचं. तपासणीला खास बायका नेमलेल्या असत आणि त्या केससुद्धा सोडून बघत. १८६९ साली हा नाका बंद झाला. आता तो जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधला आहे आणि पर्यटक तिथे फोटो काढतात. पेटीचा जन्म नाक्यामुळे झाला असं मला म्हणायचं नाही. पण जिथे अडीचशे वर्षं बाईचा आंबाडाही खासगी नव्हता, त्याच डोंगरात गुपिताची पेटी घडावी, हे मनातून जात नाही.

आजही ही कला जिवंत आहे, तीही नवी रूपं घेत. १९९९ साली कामेई अकिओ आणि इतर कारागिरांनी मिळून 'काराकुरी' पेट्यांचा गट स्थापन केला. त्यांची पेटी कधी फाशाच्या, कधी फळाच्या, कधी केकच्या तुकड्याच्या आकाराची असते. कुठे आतली खुंटी नुसती पेटी कलती केल्यावर पडते, कुठे पेटी भोवऱ्यासारखी फिरवावी लागते. या गटाचे वर्गणीदार वर्षभर आधी पैसे भरतात आणि नाताळात पेटी घरी येते. काय येणार हे मात्र आधी ठाऊक नसतं. जगभर अशा कोड्यांचे संग्राहक आहेत. जेरी स्लोकम या अमेरिकन गृहस्थांनी तर आपली तीस हजारांहून अधिक कोडी २००६ पासून इंडियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. या मंडळींचा एक अलिखित नियम मला फार आवडतो : आपल्याला सुटलं तरी दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही. त्याचा आनंद हिरावून घ्यायचा नाही.

अशीच एक १० हालचालींची पेटी ओळखीतल्या एका मुलानं जपानहून आणली होती. ती मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत नेली. हिशेब झाल्यावर मध्ये ठेवली. मग काय विचारता! एकीनं जोरात दाबली, दुसरीनं कानाशी धरून हलवली, तिसरी तर म्हणाली, "ताई, सांडशी आणू का?" शेवटी पोळीभाजीचे डबे करणारी एक अबोल बाई पुढे सरकली. सावकाश बोटं फिरवत म्हणाली, "जोर नाय लावायचा. कुठं ढिलं लागतंय ते बघायचं." वीस मिनिटांनी झाकण सरकलं. आत काहीच नव्हतं. सगळ्या जणी हसल्या.

मग मी सहज विचारलं, तुमची असती तर काय ठेवलं असतं? हसू थांबलं. "पोरीच्या फीचे पैसे," एक म्हणाली. "मंगळसूत्राच्या वाट्या. दोनदा गहाण पडल्यात." "बँकेचं पुस्तक." पेटी उघडणारी मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईचा फोटू. घरात लावू देत नाहीत."

बायका काहीतरी लपवतात, याची आपल्याकडे चेष्टाच होते. तांदळाच्या डब्यातल्या नोटांवर किती विनोद! ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा हे डबे एका रात्रीत उघडे पडले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या पैशांची चौकशी होणार नाही, असं सरकारनं सांगितलं. पण बायकांना धास्ती आयकर खात्याची नव्हतीच, धास्ती होती घरातल्या चौकशीची. "इतके पैसे आले कुठून?" हा प्रश्न आमच्या वस्तीत कितीतरी जणींनी ऐकला. कुठून येणार? भाजीतून, रिक्षा टाळून, स्वतःचं औषध पुढे ढकलून! वर्षानुवर्षं त्याच पैशांनी घराची अडचण भागवलेली असते. तरी ती चोर!

कायदा काय म्हणतो बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची आहे. म्हणजे तांदळाच्या डब्यापेक्षा पक्की जागा आपल्याला मिळू शकते. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं, दागिन्यांच्या पावत्या आपल्या नावावर आणि आपल्या हातात. कितीतरी बचत गटांत पैशांची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. तेही हाकोनेच्या पेटीसारखंच झालं, एका हालचालीत कोणाला उघडता येत नाही!

पण सगळंच काही खात्यात मावत नाही. आईचा फोटो कुठल्या बँकेत ठेवणार? म्हणून अशी पेटी कधी हाती आलीच, तर मुलांना जरूर द्या. ४ हालचालींची असली तरी चालेल. जोर लावू नका म्हणावं, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडल्या तर थोडं थांबा म्हणावं. उत्तर मात्र सांगू नका. आणि ती पेटी मुलीच्या ड्रॉवरमध्ये गेली, तर आत काय ठेवलंय हे बघायला जाऊ नका. आपल्या सुनेच्या, जावेच्या, सासूबाईंच्या कपाटालाही हाच नियम लावू या. आणि चोरकप्प्याला आता नुसतं 'माझा कप्पा' म्हणायला काय हरकत आहे?